हमीद मास्तरांचा उजवा हात

हमीद मास्तर फळ्यावर लिहीत नसत. इतिहास शिकवायचे, भूगोल शिकवायचे, गोदावरीला कुठं कोण येऊन मिळतं ते उगमापासून मुखापर्यंत न अडखळता सांगायचे. पण खडू हातात धरायचे नाहीत. फळा कोराच राहायचा. तास संपल्यावर पुढच्या मास्तरांना पुसायला काही नसायचं.

मी औरंगाबादच्या त्या सरकारी शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली होती. निजामाच्या काळात सगळी शाळा उर्दूत चालायची, आता ती मराठीत आली होती. कित्येक जुने मास्तर मधल्या सुट्टीत कोपऱ्यात बसून जोडाक्षरं गिरवताना दिसायचे. हमीद मास्तरांना ती गरज नव्हती. ते मूळ बिडकीनचे. मराठी त्यांच्या तोंडात आमच्याइतकीच, किंबहुना जास्त ठसक्यात होती. आणि अक्षर असं की जुनी माणसं अजून त्याचं नाव काढायची. उर्दू तर सुंदरच, पण देवनागरीही त्यांनी अशी कमावली होती म्हणे, की छापलेलं वाटावं. ते अक्षर मी फक्त ऐकून होतो.

उंच, शिडशिडीत माणूस. शेरवानीची दोन बटणं वेगळ्या रंगाची. उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत लोकरीचा पट्टा गुंडाळलेला, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. ते शेजारी येऊन बसले की लसूण घालून तापवलेल्या तिळाच्या तेलाचा वास यायचा. हाताबद्दल बोलायचे ते परक्या माणसाबद्दल बोलावं तसं. हजेरीपट माझ्यापुढं सरकवून म्हणायचे, "शेळके गुरुजी, एवढ्या खुणा करता का? हे साहेब आज राजी नायत."

खांद्यातून कळ निघायची आणि बोटांपर्यंत जायची. लिहायला घेतलं की बोटं आखडायची. एरवीही ठणका असायचाच, पण कधी कमी, कधी जास्त, त्याचा काही नेम नसायचा. बिडकीनच्या हाडवैद्यानं हात ओढून पाहिला होता, एका हकिमानं सहा महिने काढे दिले होते. कशानं काही झालं नव्हतं.

शिक्षकांच्या खोलीत मात्र सगळ्यांना कारण ठाऊक होतं. "मराठी लिहायची पाळी आली आन् बरा दुखाया लागला हात," असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. मीही हसायचो. माझ्या चुलत्यांचं गंगापूर तालुक्यातलं घर रझाकारांनी जाळलं होतं. त्या दिवसांत मी शिकायला बाहेर होतो, पण घराच्या काळ्या भिंती मी पाहिल्या होत्या. शेरवानी दिसली की माझ्या आत काहीतरी घट्ट व्हायचं. हमीद मास्तरांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तरी घट्ट व्हायचं ते व्हायचंच.

एका रविवारी मी गुलमंडीत कापड घ्यायला गेलो होतो. समोर टांगा थांबला आणि हमीद मास्तर उतरले. टांग्यात ज्वारीचं अर्धं पोतं होतं. मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं, हमाल दिसला नाही, तेव्हा वाकून ते पोतं उचललं आणि खांद्यावर टाकलं. उजव्या हातानं. तसेच गल्लीत शिरले.

सोमवारी मी ते शाळेत सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, उठून करून दाखवलं. पोतं कसं उचललं, कसे ताठ चालत गेले. लोक पोट धरून हसले. मास्तर त्या वेळी वर्गावर होते. एवढंच माझ्या मनाचं समाधान.

पुढं महिन्याभरात शाळेची तपासणी झाली. तपासणीचे साहेब बाहेरगावाहून आले होते, आवाज मोठा, मिशा बारीक. मास्तरांच्या वर्गात ते मागच्या बाकावर बसले. हेडमास्तर आणि मी दाराशी उभे होतो. मास्तर गोदावरीचं खोरं शिकवत होते आणि मुलं गप्प बसून ऐकत होती. साहेब मधेच म्हणाले, "फळा कोरा का?"

"साहेब, हात दुखतो."

"एक वाक्य लिहा. गोदावरी नदी सह्याद्रीत उगम पावते."

मास्तरांनी हेडमास्तरांकडं पाहिलं. मग खडू घेतला. आणि मी त्यांचं अक्षर पहिल्यांदा पाहिलं. 'गोदावरी' हा शब्द त्या फळ्यावर असा उमटला की मागची पोरं मान उंच करून पाहायला लागली. 'न' काढला आणि त्यांची बोटं आत वळली. एखादं पान सुकताना मुडपतं तशी. खडू पडला. मास्तरांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उलगडली, खाली वाकून खडू उचलला, पुन्हा धरला. कपाळावरून घाम गळत होता. दुसरं अक्षर येईना. खडू फळ्यावर टेकवून ते तसेच उभे राहिले. एक पोरगा फिसकन हसला.

साहेब उठले. "ज्वारीची पोती मात्र उचलता येतात म्हणे," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

मास्तर वळले. माझ्याकडं पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही, कारण मी खाली बघत होतो.

पंधरा दिवसांत लेखी हुकूम आला. हात खरोखर अधू असल्याचा डॉक्टरी दाखला आणावा, नाहीतर सर्व कामं नियमाप्रमाणं करावीत. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "शेळके, दवाखान्यात त्यांच्याबरोबर तुम्ही जा." त्यांनी माझीच निवड का केली हे मी विचारलं नाही.

दवाखान्यात हाताचा एक्स-रे काढून झाला. मोठ्या डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाकडं धरली, हात वाकवून, ताणून पाहिला, टाचणी टोचून पाहिली. म्हणाले, "काही नाही. हाड सुरेख आहे."

बाहेरच्या बाकावर मास्तरांनी हाताला पट्टा पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "हाड मोडल्यालं निघालं असतं तर लई बरं झालं असतं, गुरुजी. मोडल्याला लोक मान देत्यात."

त्याच दवाखान्यात एक तरुण डॉक्टर नवे आले होते. मोठ्या डॉक्टरांनी आम्हांला त्यांच्याकडं धाडलं. त्यांनी हाताला हात लावण्याआधी स्टूल पुढं ओढलं आणि विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"चार वर्सं झाली."

"त्या सुमाराला काय काम करत होता?"

"मास्तरकीच. आन् अर्ज लिवायचो."

"कसले अर्ज?"

मास्तर हळूहळू बोलत गेले. पोलीस ॲक्शननंतर काही महिने शाळा बंद होती. रझाकारांचा सूड साध्या मुसलमानांवर निघत होता, म्हणून खेड्यापाड्यांतून बायका शहरात नातेवाइकांकडं येऊन राहिल्या होत्या. कुणाचा नवरा घरी आला नव्हता, कुणाचा मुलगा. मास्तरांचं अक्षर चांगलं, म्हणून त्या त्यांच्या ओसरीवर यायच्या. मास्तर अर्ज लिहून द्यायचे. नाव, बापाचं नाव, गाव, वय, शेवटचं कुठं पाहिलं, अंगावर कपडे कोणते होते. पन्नासेक अर्ज त्यांनी उर्दूत लिहिले. नंतर कचेऱ्यांचा कारभार मराठीत आला, तेव्हा तेच अर्ज पुन्हा मराठीत लिहिले. तीच नावं, तीच गावं, तेच कपडे.

"मंग त्या इचारायला यायच्या. मास्तर, काय कळलं का? जनू मीच सरकार. एक बाई लई येळा आली. शेवटी म्हनाली, तुमच्या लिवन्यात काय चुकलं असंल, नायतर जवाब आला असता." त्यांनी दुखरा खांदा चोळला. "त्या वक्ताला पहिल्यांदा कळ आली का नंतर, आता याद नाय."

डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या स्वतःच्या घरचं कुणी?"

"धाकटा भाऊ. वहीद. बिडकीनला शिंपी होता. शिवल्याले कपडे द्यायला गंगापूरकडं गेला, तो आला नाय."

"त्याच्यासाठी अर्ज केला?"

"नाय."

"का?"

मास्तरांनी हातावरचा पट्टा सारखा केला. "लिवला म्हंजी हरवला. नाय लिवला तवर गावाला गेलाय."

तीन वर्षं त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी त्यांचे हजेरीपट भरत होतो. त्यांना भाऊ होता हे मला त्या दिवशी कळलं, आणि तो माझ्याच तालुक्याकडं आला होता हेही.

डॉक्टरांनी समजावून सांगायचा खूप प्रयत्न केला. म्हणाले, "मास्तर, हाडात दोष नाही, शिरेत दोष नाही. पण तुमचं दुखणं खरं आहे, त्यात मला शंका नाही. माणूस मनात जे दाबून धरतो, ते कधी कधी अंगातून दुखू लागतं. मग पुन्हा दुखेल या धास्तीनं अंग आणखी आवळतं, आणि दुखणं वाढतं. लिहायचं नाव काढलं की तुमचा हात आवळतो तो असा."

मास्तर उभे राहिले. "म्हंजी हे माज्या मनाचे खेळ?"

"खेळ म्हणालो नाही मी."

"लोक बी हेच म्हनत्यात, डॉक्टरसाहेब. तुम्ही कोट घालून म्हनता, एवढाच फरक."

डॉक्टरांनी तरीही चांगल्या मनानं दाखला लिहिला. हातात शारीरिक दोष आढळत नाही; त्रास मानसिक आघातामुळं असून तो खरा आहे; काही काळ लिहिण्याचं काम देऊ नये. तीन वाक्यं होती. वरच्या कचेरीनं पहिलं तेवढं वाचलं. शारीरिक दोष नसल्यानं सवलत देता येत नाही, असं उत्तर आलं. शाळेत दुसरं वाक्य फिरलं. कालपर्यंत लोक त्यांना ढोंगी म्हणत होते. आता ते आले की आवाज खाली करू लागले आणि पोरं कपाळाशी बोट फिरवून दाखवू लागली. मास्तर मला म्हणाले, "ढोंगी होतो ते बरं होतं."

महिनाभरानं त्यांनी राजीनामा दिला. तो त्यांनी सांगितला, मी लिहिला. सहीसाठी कागद पुढं केला तर म्हणाले, "शाईची डबी हाय का?" हेडमास्तरांच्या टेबलावर शिक्क्याच्या शाईची डबी होती. मास्तरांनी डावा अंगठा त्यात दाबला आणि कागदावर उठवला. सगळ्या शहरात ज्यांच्या अक्षराचं नाव होतं, त्यांनी अंगठा केला. हेडमास्तर उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याकडं गेलो नाही. गेलो तो त्यांचाच निरोप आला म्हणून. शहागंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या. त्यांच्या पत्नी सकीनाभाभींनी चहा आणून ठेवला. मास्तर घरी शिकवण्या घेत होते, तोंडी हिशेब आणि भूगोल. हात तसाच होता. त्या तरुण डॉक्टरांकडं ते आणखी दोनदा गेले होते, त्यांच्याशी बोललं की रात्री झोप बरी लागायची म्हणाले. पण डॉक्टरांची बदली झाली.

"वहीदचा अर्ज लिवायचाय," मास्तर म्हणाले. "तुम्ही लिवाल का?"

मी कागद घेतला, टाक घेतला, आणि माझ्यानं लिहवेना. मी म्हणालो, "मास्तर, एक सांगायचंय. गुलमंडीत तुम्ही पोतं उचललं ते मी पाहिलं होतं. शाळेत सांगितलं ते मीच."

"मालूम हाय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुमच्यागत नक्कल कुनी करत नाय शाळेत." ते रागानं म्हणाले नाहीत. "तुम्ही झूट कुठं बोलला? पोतं उचललंच होतं मी. घरी येऊन हिला सांगितलं, बघ, उचललं. मलाच नवल वाटलं. वाटलं, गेलं दुखनं. मंग टाक धरून पाह्यला, तर कळ खांद्यापर्यंत. त्या रोजपासून मलाबी शंका यायची, गुरुजी. की खरंच मी सोंग करतोय का काय? माज्याच हाताचा मला भरोसा वाटंना झाला."

चहा निवून गेला होता. भाभी आतून म्हणाल्या, "उनकू पीने देव जी पहिले." मास्तरांनी ऐकलं नाही. ते सांगू लागले आणि मी लिहू लागलो. वहीदुद्दीन. बापाचं नाव. राहणार बिडकीन. धंदा शिंपीकाम. वय त्या वेळी चोवीस. बिडकीनहून गंगापूरकडं पायी निघाला.

"अंगावरचे कपडे?" मी विचारलं.

"पांढरा पायजमा. कुडता..." ते थांबले. "निळा. नाय, थांबा. निळा ईदला शिवला होता." त्यांनी हाक मारली, "सकीना, वहीद गया तब कुडता कौनसा था?"

"सफेद," भाभी दारात येऊन म्हणाल्या.

"सफेद नक्को बोल. सफेद तो धोने में था."

"फिर मेरेकू याद नै."

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. "पन्नास मानसांच्या कपड्यांचे रंग मला तोंडपाठ हायेत. हुसेनखेड्याचा रहीम, चौकड्याची लुंगी. शेख चाँद, काळं जाकीट, एक खिसा फाटल्याला. समदे. आन् माज्या भावाचा कुडता आठवंना." मग ते डाव्या हातानं तोंड झाकून रडले. भाभी तिथंच उंबऱ्यावर बसल्या. मी टाक हातात धरून होतो. शेवटी त्यांनीच सांगितलं तसं लिहिलं: कुडत्याचा रंग आठवत नाही.

सही मात्र त्यांनी स्वतः केली. पाच-सात मिनिटं लागली असतील. मधे दोनदा बोटं वळली, दोनदा त्यांनी ती उलगडली. मी धरायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. पुढं भाभींकडून कळलं, चार दिवस त्यांना हात उशीवर ठेवून निजावं लागलं.

अर्ज मी स्वतः कचेरीत नेऊन दिला. मला वाटलं होतं, आता हात सुटेल. इतकी वर्षं अडलेलं एकदा कागदावर उतरलं, की दुखणं ओसरेल, अशी माझी भाबडी समजूत होती. तसं काही झालं नाही. अर्जाचं उत्तर आलं नाही आणि हातही दुखायचा थांबला नाही.

त्या दिवाळीत मी गावी गेलो. जेवताना मी चुलत्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, ॲक्शनच्या दिवसांत बिडकीनचा एक शिंपी इकडं आला होता म्हणतात. वहीद नावाचा."

चुलती भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. काका म्हणाले, "त्या दिवसांत लई मानसं आली-गेली. कुनी कुनाचं नाव इचारलं?"

"कपडे द्यायला आला होता."

"आपलं घर जळत व्हतं तवा तू नव्हतास," काका म्हणाले. "जेव गप."

ते पुढं जेवले नाहीत. ताटावरून उठून बाहेर गेले. त्यांना पोटात आग पडायचा जुना त्रास होता, कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. चुलती म्हणाल्या, "कशाला काढलंस? आता दोन दिवस अन्न जायाचं नाय त्यांना." काकांना काय ठाऊक होतं, ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

परत आल्यावर मास्तरांनी विचारलं, "तुमच्या गावाकडं काय कळलं?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी मान हलवली. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काही दिसलं असेल, तर त्यांनी तसं दाखवलं नाही. त्या दिवसापासून माझं त्यांच्याकडं जाणं कमी होत गेलं. मग माझी परभणीला बदली झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

चार-पाच वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी औरंगाबादला आलो होतो. दुपारी एस.टी. स्टँडवर उभा असताना पैठणच्या गाडीच्या खिडकीत मला मास्तर दिसले. दाढी पूर्ण पांढरी झालेली. शेजारी सकीनाभाभी. मी खिडकीखाली जाऊन आदाब केला.

"अरे, शेळके गुरुजी!" त्यांना खरंच आनंद झाला. "बिडकीनला निघालो. भाचीचा निकाह हाय."

"तब्येत?"

"ठीक."

"हात?"

"हाय. सोबत असतो."

आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. गावाकडची ती दिवाळी माझ्या अगदी ओठावर आली होती. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी ओढली आणि गाडी सुरू झाली. धक्क्यासरशी खिडकीवर टेकलेला मास्तरांचा हात गजावर आपटला आणि त्यांनी डोळे मिटले. भाभींनी तो हात कोपराखाली धरून सावकाश उचलला, खिडकीतून आत घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. गाडी वळेपर्यंत त्या तो दोन्ही हातांनी धरून बसलेल्या मला दिसत होत्या.